जुन्या फायरप्लेस: रंग उतरवण्याआधी खाली काय आहे ते ओळखा

ओतकाम (धागाकर्ता)

जुन्या इमारती पाडताना किंवा आतून बदलताना निघालेल्या फायरप्लेस मिळवून त्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. बोलणं मुख्यतः ब्रिटनमध्ये साधारण १७५० ते १९१५ या काळात घडलेल्या कामाबद्दल ठेवू.

आधी शब्द ठरवून घेऊ. भिंतीवर बाहेरून दिसणारे दोन खांब, त्यांवरची आडवी पट्टी आणि सगळ्यात वरची फळी, हे मिळून ‘चौकट’. चौकटीच्या आत बसतं ते ‘बीडकाम’: ओतीव बिडाची पुढची पाटी, विस्तवाची जाळी, धुराच्या तोंडावरची झडप. मागे भट्टीच्या मातीची ‘पाठ’, पुढे ‘फरशी’.

बहुतेक नुकसान पहिल्या दोन दिवसांतच होतं. वस्तूवर रंगाचे आठ-दहा थर असतात. खाली काय आहे ते न बघता रंग उतरवायचं औषध फासलं जातं आणि रंगाबरोबर मूळ कामही निघून जातं. म्हणून हत्यार उचलण्याआधी फळीच्या खालच्या अंगाला, नजरेला न दिसेल अशा जागी, बोटाच्या नखाएवढा चौकोन धारदार पात्याने थर-थर खरवडून बघा. वरून खाली किती रंग, कोणता रंग, आणि तळाशी काय, याचा फोटो काढून ठेवा. तळचा थर हा पुष्कळदा मूळ रंग असतो आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

बीड ओळखणं सोपं, लोहचुंबक चिकटतं. लाकूड ठोकल्यावर कळतं. खरी गफलत होते ती दगडात. संगमरवराचा टवका उडालेला असेल तिथे साखरेसारखे पांढरे चमकते कण दिसतात, आणि मागच्या ओबडधोबड बाजूवर व्हिनेगरचा एक थेंब टाकला तर बारीक फेस येतो. फेस आला नाही, टवका करडा-काळा दिसला आणि मागची बाजू थराथराची असली, तर तो पाटीचा दगड (स्लेट). एकोणिसाव्या शतकात पाटीच्या दगडावर रंगाने संगमरवराच्या शिरा काढून तो भट्टीत भाजायचे. लांबून बघितलं तर इटलीचा संगमरवर वाटावा इतकं ते काम सफाईदार. पण शिरा कागदाएवढ्या जाडीच्या थरातच आहेत. औषध लावलं की पंधरा मिनिटांत सव्वाशे-दीडशे वर्षांचं चित्र फडक्यावर येतं आणि हातात उरते नुसती काळी पाटी. असा तुकडा असेल तर औषध नाही, पॉलिश पेपर नाही. वरचे नंतरचे रंग भिंगाखाली पात्याने उचलायचे, नाहीतर तसेच राहू द्यायचे.

दुसरी गोष्ट शिसं. जुन्या तेलरंगात शिसं असतंच असं धरून चाला. अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर १९७८ साली बंदी आली, म्हणजे त्याआधीचे सगळे थर संशयित. कोरडं घासायचं नाही, ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून उडवायचं नाही, ज्योत मारायची नाही. ओलं ठेवून काम करा, पी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क वापरा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि खरवड ओली असतानाच पिशवीत बंद करा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत.

---

शुभ्रशिळा

ओळखीच्या भागात थोडी भर.

काळा दगड दिसला की लगेच ‘पाटीचा दगड’ म्हणू नका. बेल्जियमचा काळा संगमरवर म्हणून जो विकला जातो तो मुळात चुनखडीचा दगड. त्याला व्हिनेगरने फेस येतो, आणि तो आरपार काळा असतो.

तिसरा प्रकार स्काग्लिओला. हा दगडच नाही. जिप्सम, सरस आणि रंग मळून, थापून, घासून चकाकी आणलेलं काम. हाताला संगमरवराइतकं गार लागत नाही आणि नखाने ठोकलं की आवाज बसका येतो. याला पाणी चालत नाही. ओलं फडकं फिरवलं तरी चकाकी मरते. व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रवात) किंचित भिजवलेला कापूस, एवढंच.

आणि व्हिनेगरचा थेंब फक्त मागच्या बाजूला. पुढच्या घोटीव अंगावर पडला तर तिथे कायमचा मंद डाग राहतो, कारण आम्लाने दगडाचा पृष्ठभागच विरघळतो. हाच नियम लिंबाला, बाजारातल्या कुठल्याही ‘डाग-नाशक’ द्रवाला आणि ऑक्झॅलिक आम्लालाही. गंजाचा डाग ऑक्झॅलिकने जातो हे ग्रॅनाइटपुरतं ठीक. संगमरवरावर तो डाग जातो आणि चकाकीही जाते.

---

मोडकी_जाळी

बिडाच्या पाटीच्या मागे चौकोन टोकावर उभा केल्यासारखं एक चिन्ह आहे, चार कोपऱ्यांत अक्षरं-आकडे आणि वरच्या टोकावर गोलात रोमन एक. यावरून साल काढता येतं का? आणि नवीन ओतलेली नक्कल ओळखायची खात्रीची खूण कोणती?

---

ओतकाम

@मोडकी_जाळी, ते ब्रिटनच्या नक्षी-नोंदणीचं चिन्ह. १८४२ ते १८८३ या काळात वापरात होतं. वरच्या गोलातला रोमन एक म्हणजे धातूचा वर्ग. लाकडाला दोन, काचेला तीन, मातीकामाला चार.

सालाचं अक्षर कुठल्या कोपऱ्यात आहे यावर सगळं अवलंबून. १८४२ ते १८६७ पर्यंत ते गोलाच्या लगेच खाली, वरच्या कोपऱ्यात असायचं आणि दिवसाचा आकडा उजवीकडे. १८६८ पासून उलट झालं: आकडा वर, सालाचं अक्षर उजवीकडे. अक्षरांचा क्रम दोन्ही वेळा तोच वापरला, म्हणून जागा चुकली की सव्वीस वर्षांची चूक होते. उदाहरणार्थ ‘एस’ वरच्या कोपऱ्यात असेल तर १८४९, उजव्या कोपऱ्यात असेल तर १८७५. तुमच्या तुकड्यावर उजवीकडे आकडा आहे की अक्षर, एवढं बघितलं तरी पहिला काळ की दुसरा, ते लगेच कळेल.

१८८४ पासून हे चिन्ह बंद होऊन सरळ नोंदणी क्रमांक आले, एकपासून सुरू. १९०० सालच्या सुरुवातीला ते साधारण साडेतीन लाखांवर पोचले होते. दोन्ही बाबतींत तारीख नक्षी नोंदवल्याची आहे, ओतल्याची नाही. खपाऊ नक्षी पुढे बरीच वर्षं ओतली जायची.

नक्कल ओळखायला टेप पुरतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून मूळ लाकडी नमुना करणारा तेवढा मोठा नमुना करायचा. जुन्या तुकड्यावरूनच वाळूत साचा घेतला की नवा तुकडा एक टक्क्याने लहान निघतो. ३८ इंच, म्हणजे ९६५ मिलिमीटर, हे पाटीचं फार प्रचलित माप; नक्कल ९५५ च्या आसपास भरते. शिवाय पानाच्या शिरा, चेहऱ्याचे डोळे, मण्यांमधल्या खाचा बुजल्यासारख्या दिसतात. वाळूचा खरखरीतपणा समोरच्या अंगावर दिसला तर तीही शंकेची जागा. जुन्या चांगल्या कारखान्यांची वाळू इतकी बारीक असायची की कापडाची वीणसुद्धा ओतकामात उतरावी. स्कॉटलंडमधला कॅरन हा ओतकारखाना १७५९ मध्ये सुरू झाला, इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलमध्ये तर १७०९ पासून कोकवर बीड गाळलं जात होतं. या दोन नावांचं अस्सल काम एकदा हातात घेऊन बघा, बोट फिरवलं की फरक कळतो.

मग मागची बाजू. जुन्या कामात चौकोनी नट आणि इंची आटे. दोन सुती (पाव इंच), अडीच सुती (५/१६ इंच) हे नेहमीचे बोल्ट. अडीच सुती व्हिटवर्थला (जुन्या ब्रिटिश इंची आट्याच्या बोल्टला) इंचाला १८ आटे, कोन ५५ अंशांचा. आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट जाडीला जवळजवळ तेवढाच, पण त्याला इंचाला साधारण वीस आटे आणि कोन ६० अंशांचा. तो दोन-तीन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्याला जोर लावला की बिडाचा कान (बोल्ट बसतो ते बाहेर आलेलं भोकाचं टोक) तुटून हातात येतो. जुना बोल्ट सुटत नसेल तर भेदक तेल लावून चोवीस तास ठेवा. तरीही नाही सुटला तर करवतीने कापा आणि भोकात उरलेला तुकडा ड्रिलने काढा. बोल्ट दोन रुपयांचा का दोनशेचा हा प्रश्नच नाही, तो पुन्हा मिळतो. कान पुन्हा मिळत नाही.

---

रंधा

लाकडी चौकटींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण सर्वाधिक अन्याय त्यांच्यावर होतो.

पाइनच्या चौकटी रंगवण्यासाठीच केलेल्या होत्या. गाठी, सांधे, वेगवेगळ्या फळ्यांचे तुकडे रंगाखाली झाकायचे हे सुतारानेच गृहीत धरलेलं. कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून काढलेलं उघडं, मधासारखं पिवळं पाइन ‘मूळ रूप’ म्हणून विकलं जातं, ते मूळ रूप नाही. आणि त्या हौदात नुसता रंगच जात नाही. सांध्यातला सरस सुटतो, लाकडाचा तंतू फुलून केसाळ होतो, आणि लाकडात मुरलेल्या क्षाराचे पांढरे फुलोरे नंतर महिनोन् महिने वर येत राहतात.

सगळ्यात मोठं नुकसान दागिन्यांचं. पट्टीवरचे हार, कलश, पानं, मेंढ्यांची डोकी ही पुष्कळदा लाकडात कोरलेली नसतात. खडूची पूड, सरस, जवसाचं तेल आणि राळ मळून साच्यात दाबून काढलेली आणि वरून चिकटवलेली असतात. हौदात ती अक्षरशः विरघळतात. ओळखायची कशी? रंगात आडव्या बारीक भेगा दिसतात, दर दोन-चार सेंटिमीटरवर एक, कारण तो मसाला वाळून आकसतो पण लाकूड लांबीला आकसत नाही. अशा भेगा दिसल्या की तिथे पाणी, वाफ आणि क्षार तिन्ही वर्ज्य. बेन्झिल अल्कोहोलवरचं जेल छोट्या कुंचल्याने लावून, लाकडी काडीने उचलत काम करायचं. एका कलशाला दिवस जातो. घाई असेल तर त्या भागाचा रंग तसाच ठेवून वरून नवा हात मारणं अधिक शहाणपणाचं.

---

गंजमुक्त

बिडावरच्या रंगाला काय करावं? काहीजण वाळूचा मारा सुचवतात, काही कॉस्टिक. दोन्हींचे धोके नीट लिहाल का?

---

ओतकाम

कॉस्टिक सोडा बिडाला स्वतः काही करत नाही. धोका बाकीच्या गोष्टींना. पाटीवर पितळी पट्ट्या असतील तर त्या काळवंडतात, जस्ताचे दागिने खाल्ले जातात, आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा नंतर कुणी लावला असेल तर हायड्रोजन सुटतो. टाइल असतील तर आधी काढायला हव्यात. आणि बाहेर काढल्यावर धुणं अपुरं राहिलं की खाचांतून क्षार झिरपून नवा रंग पापुद्र्याने निघतो.

म्हणून घरी करायचं तर रंग उतरवायचा क्षाराचा लेप. पाच मिलिमीटर जाड थापायचा, वर प्लॅस्टिक, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, सुकू द्यायचा नाही. मग प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढून गरम पाण्याने धुवा, शेवटच्या पाण्याचा सामू लिटमसने सातच्या आसपास येईपर्यंत. धुतल्यावर लगेच गरम हवेने कोरडं करा. ओलं उघडं बीड तासाभरात केशरी पडतं.

वाळूचा मारा मुळीच नको. क्वार्ट्झच्या धुळीने सिलिकोसिस होतो, हे पहिलं कारण. दुसरं, कोरीव रेषा बोथट होतात आणि काही जुन्या पाट्यांवरचे घासून आरशासारखे केलेले भाग कायमचे मंद होतात. मारा करायचाच असेल तर बारीक काचमणी, दोन ते तीन बार दाब, आणि आधी मागच्या बाजूला चाचणी.

रंग गेला पण गंज उरला तर विजेची पद्धत हळुवार आहे. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी, लिटरला साधारण दहा ग्रॅम धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार वस्तूला, धन तार साध्या पोलादाच्या पत्र्याला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. गंज एका रात्रीत काळ्या चिखलासारखा सुटतो आणि ब्रशने निघतो, खालचं निकोप बीड जराही झिजत नाही. पत्रा स्टेनलेसचा कधीही वापरू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, त्यामुळे उघड्यावर करा, आणि तारा काढण्याआधी चार्जर बंद.

---

मोडकी_जाळी

चिन्हाचं कळलं, उजवीकडे अक्षरच आहे. आता भेगेबद्दल. पाटीच्या कमानीच्या माथ्यावर केसासारखी रेघ आहे, पण ती ओतकामातली रेघ आहे की भेग ते कळत नाही.

---

ओतकाम

पाटी दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा आणि लाकडी हातोडीने हलकेच टकटक करा. निकोप बीड घंटेसारखं वाजतं, भेगाळलेलं मडक्यासारखं. खात्रीसाठी रॉकेल आणि खडू: त्या जागी रॉकेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, पूर्ण पुसा, वर खडूची पूड शिंपडा. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळी रेघ स्वतःहून उमटते. रेघ जिथे थांबते त्याच्या थोडं पुढेपर्यंत भेग गेलेली असते असं धरा.

पहिलं काम: त्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक. भेगेच्या टोकाशी ताण एका बिंदूवर एकवटतो. भोकाने तो वाटला जातो आणि भेग तिथेच थांबते.

दुसरं, सांधायचं कसं. नक्षीदार पातळ ओतकामासाठी जाणूनबुजून जास्त फॉस्फरसचं बीड घ्यायचे, कारण ते पाण्यासारखं वाहतं आणि साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं. तेच बीड फार ठिसूळ. साध्या पोलादी कांडीने वेल्डिंग केलं तर सांधा थंड होताना शेजारचं बीड ‘टक्’ आवाज करून फुटतं, एका भेगेच्या दोन होतात. दोन रस्ते आहेत. एक, निकेलची कांडी, एका वेळी पंचवीस मिलिमीटरच, लगेच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके, आणि शेजारी हात टेकवता येईल इतकं थंड झाल्यावरच पुढची पंचवीस. दोन, सगळी पाटी भट्टीत पाचशे-सहाशे अंशांपर्यंत सावकाश तापवून ब्रॉन्झच्या कांडीने सांधणं आणि कोरड्या राखेत गाडून रात्रभर थंड करणं. दुसरा सांधा अधिक भरवशाचा, पण त्याला अनुभवी माणूसच हवा. ब्रॉन्झ पिवळं दिसतं, ते काळ्या पॉलिशखाली झाकतं.

विस्तवापासून लांबच्या भागावर, म्हणजे चौकटीच्या बाहेरच्या कडेला, लोखंडी पूड घातलेलं इपॉक्सी चालतं. जाळीजवळ नाही, शंभर-दीडशे अंशांवर ते मऊ पडून सुटतं.

---

खापरी

टाइलच्या बाजूपट्ट्या असलेल्या पाट्यांबद्दल. साधारण १८७० नंतर हे फार लोकप्रिय झालं. एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा, प्रत्येक सहा इंच चौरस. बऱ्याच संचांत पाचही टाइल मिळून एकच उभं चित्र होतं, त्यामुळे काढण्याआधी मागे पेन्सिलीने क्रमांक घाला: डावी एक, डावी दोन. हे केलं नाही तर फुलदाणीच्या वर देठ आणि खाली फूल अशी जुळणी होते.

पुढून कधी काढू नका. पाटी पालथी करा, जुन्या घोंगडीवर. मागे लोखंडी चौकट चार स्क्रूंनी धरलेली असते आणि टाइलच्या पाठीवर प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेलं असतं. छन्नीने ठोकायचं नाही. पात्याच्या करवतीने प्लास्टरला टाइलच्या सांध्यावर खाचा पाडायच्या आणि तुकडा तुकडा सैल करायचा.

टाइल भिजत घालण्याआधी पुढची बाजू आधी स्वच्छ करा. झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतात. काजळीसकट भिजवलं तर ते काळं पाणी भेगांतून आतल्या पांढऱ्या मातीत जातं आणि मग काढणं अवघड. तसं झालंच तर सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस ठेवून वर प्लॅस्टिक, दोन-तीन दिवस. मात्र झिलईवर सोनेरी काम किंवा झिलईच्या वर काढलेलं चित्र असेल तर हे नको.

बसवताना सिमेंट वापरू नका. कारण साधा हिशेब: बीड मीटरला, दोनशे अंश तापलं की, साधारण दोन मिलिमीटर वाढतं. टाइल तेवढी वाढत नाही. सिमेंटने जखडली तर तीच फुटते. मागे मूळचंच प्लास्टर, टाइल आणि लोखंडी चौकटीत चारी बाजूंनी एक-दीड मिलिमीटर मोकळं. पुढे कधी काढायची वेळ आली तर प्लास्टर निघतं, सिमेंट टाइलसकट निघतं.

---

शुभ्रशिळा

संगमरवरी चौकट उतरवण्याचा क्रम: आधी फळी, मग आडवी पट्टी, शेवटी खांब. उभारताना बरोबर उलट. खांब अखंड दगडाचे दिसले तरी आत पोकळ पेटीच असते, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने जोडलेल्या.

पट्टी नेहमी काठावर उभी धरून न्या, आडवी कधीच नाही. दीड मीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड फळीचं वजन वीस किलोच्या आसपास. ती आडवी धरून दोघांनी दोन टोकांना उचलली की मधल्या शिरेवर स्वतःच्या वजनाने मोडते. ठेवतानाही भिंतीला टेकवून, काठावर, खाली लाकडाच्या दोन पट्ट्या. पांढऱ्या दगडाखाली ओकचं लाकूड किंवा रंगीत घोंगडी नको, ओल लागली की डाग उतरतो.

कोपऱ्यातून तिरकी भेग आली असेल तर बहुधा आत लोखंडी आकडा गंजला आहे. गंजाला मूळ लोखंडाहून अनेक पट जागा लागते, तो दगडाला आतून फोडतो. वरून भेग भरून उपयोग नाही. आकडा काढा, त्या जागी ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचा किंवा ब्रॉन्झचा बसवा.

सफाई: उदासीन (आम्लही नाही, क्षारही नाही असा) साबण आणि ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, खालून वर. वरून खाली धुतलं तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात शोषले जातात. काजळीचे खोल डाग पोटिसाने काढायचे. केओलिन किंवा सेपिओलाइटची माती, दह्याएवढी घट्ट, सहा ते दहा मिलिमीटर जाड, दगडावर आधी पाणी मारून. वर प्लॅस्टिक चोवीस तास. मग प्लॅस्टिक काढून माती पूर्ण वाळू द्या. लोक इथे घाई करतात. डाग ओढला जातो तो वाळतानाच, मातीतून पाणी उडतं आणि दगडातलं पाणी मळासकट तिच्यात येतं. तेलकट डागाला पाण्याऐवजी व्हाइट स्पिरिट. गंजाच्या डागाला सोडियम सायट्रेटचं उदासीन द्रावण. एकदा पुरत नाही, तीन-चार वेळा करा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. मधमाश्यांचं मेण पांढऱ्या दगडावर पिवळं पडतं.

---

गिलावा

आता बसवणं. जिथे विस्तव पेटणार आहे तिथे शोभेचा भाग शेवटी आणि धूरमार्ग आधी. आधी चिमणी झाडून घ्या, मग धुराची चाचणी. धूरकांडी पेटवून चिमणीचं वरचं तोंड बंद करायचं आणि वरच्या मजल्यांवर, माळ्यावर, शेजारच्या खोलीत कुठे धूर फुटतो ते बघायचं. फुटला तर नवीन नळी घातल्याशिवाय पेटवायचं नाही.

मापं: धूरमार्गाचं छेदक्षेत्र उघड्या तोंडाच्या किमान एक-सप्तमांश हवं. ४०० बाय ५५० मिलिमीटरचं तोंड म्हणजे २,२०,००० चौरस मिलिमीटर. त्याचा सातवा भाग साधारण ३१,४००, म्हणजे बरोबर २०० मिलिमीटर व्यासाची नळी. तोंड मोठं आणि नळी तीच असेल तर धूर खोलीत येणारच, कितीही उंच चिमणी असो. तेव्हा तोंडाच्या वरच्या कडेला पत्र्याची पट्टी धरून हळूहळू खाली सरकवत जा. ज्या उंचीला धूर थांबतो तेवढंच तोंड ठेवा. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये हेच मांडलं होतं: धुराचा गळा चार इंचांवर आणायचा, बाजूच्या भिंती पाठीशी १३५ अंशांत फाकवायच्या.

इंग्लंडच्या नियमांप्रमाणे खालची न जळणारी बैठक किमान १२५ मिलिमीटर जाड, तोंडापुढे ५०० आणि दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर बाहेर. जुनी नक्षीची फरशी ही त्या बैठकीवरची शोभा, बैठकीची जागा ती घेऊ शकत नाही.

पाठ बसवताना तिच्या मागे नालीदार पुठ्ठा लावा आणि मग मागची पोकळी चुना व व्हर्मिक्युलाइटच्या (फुगवलेल्या हलक्या खनिजदाण्यांच्या) कमजोर मिश्रणाने भरा. पहिल्या विस्तवाला पुठ्ठा जळून जातो आणि पाठीला फुगायला जागा मिळते. सिमेंट काँक्रीटने भरलेली पाठ पहिल्याच हिवाळ्यात मधोमध चिरते.

बिडाची पाटी भिंतीला दोन कानांनी, वर डावीकडे-उजवीकडे, धरलेली असते आणि कान गिलाव्याखाली असतात. उतरवताना कडेचा पाच सेंटिमीटर गिलावा आधी काढा. स्क्रू सोडण्याआधी पाटीला पुढून टेकू. साठ ते नव्वद किलोची वस्तू, मागे सैल राबिट, ती पुढेच पडते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच.

---

रंधा

विकत घेताना एक प्रश्न नक्की विचारा: कुठून काढली? इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतीतली फायरप्लेस परवानगीशिवाय काढणं हा गुन्हा आहे, आणि रिकाम्या घरांतून चौकटी चोरीला जातात. विकणाऱ्याकडे जागेवरचा फोटो आणि काढल्याचा कागद नसेल तर सोडून द्या.

---

गंजमुक्त

शेवटचं. रंग, गंज काढून झाला, आता काळं करायला काय लावू? कुणी उष्णता सोसणारा रंगही सुचवलाय.

---

ओतकाम

विस्तवाच्या थेट संपर्कातली जाळी आणि आतला भाग असेल तर सहाशे अंशांचा रंग चालेल. पुढच्या नक्षीच्या पाटीला नको, खाचा भरून जातात आणि बीड प्लॅस्टिकसारखं दिसतं. तिथे ग्राफाइटचं पॉलिश. जुन्या घरांत याला ‘ब्लॅक लेड’ म्हणायचे, पण त्यात शिसं नाही, निव्वळ ग्राफाइट.

बीड पूर्ण कोरडं आणि किंचित कोमट करा. पॉलिश मटारएवढं घेऊन जुन्या दातांच्या ब्रशने खाचांत आणि फडक्याने सपाट भागावर, शक्य तितकं पातळ. काही मिनिटं सुकू द्या. मग बुटांच्या ब्रशने घासा, गोल नव्हे, नक्षीच्या दिशेने. पहिल्या हाताला करडं, दुसऱ्या हाताला काळं, आणि पानांच्या उंच कडांवर रुपेरी चमक येते. ती चमक घासण्याची असते, पॉलिशच्या जाडीची नाही. जास्त लावलं तर हाताला काळं लागत राहतं, तेव्हा कोरड्या फडक्याने जादाचं काढून पुन्हा ब्रश.

आणि जिथे मूळ काम घासून उजळ केलेलं पोलाद आहे, जाळीचे दांडे किंवा कमानीची कड, तिथे हे काळं लावू नका. ०००० नंबरची स्टील वूल थोड्या तेलाने फिरवा आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ओलसर खोलीत हे मेण दर दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.